आईची स्टेरॉइडची गोळी आणि जिममधलं इंजेक्शन

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. ॲड्रिनल ग्रंथीची रचना कशी असते आणि ती कोणते हार्मोन बनवते, हा पहिला. तुमच्या आईला संधिवातासाठी दीड वर्षापासून प्रेडनिसोलोन चालू आहे आणि "स्टेरॉइड वाईट असतं" असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांना ती गोळी उद्यापासून बंद करायची आहे, हा दुसरा. जिममधला ट्रेनर तुम्हाला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि स्टॅनोझोलोलच्या गोळ्या असा बारा आठवड्यांचा 'कोर्स' सुचवतोय, तो घ्यावा का, हा तिसरा.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. आईला गोळी एकदम बंद करू देऊ नका. उद्या सकाळची गोळी चुकता कामा नये. कारण पुढे सविस्तर लिहितो.

हार्मोनचे आजार बघणाऱ्या आम्हा डॉक्टरांना हा प्रकार वारंवार दिसतो. ज्या औषधाच्या आधारावर शरीर उभं आहे त्याची धास्ती असते, आणि जे धडधाकट शरीर बिघडवणार आहे ते बिनधास्त टोचून घेतलं जातं. ॲड्रिनल ग्रंथीचं काम एकदा नीट समजलं की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून सुरुवात ग्रंथीपासूनच करू.

ॲड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, दोन असतात. दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर, पोटाच्या मागच्या भिंतीलगत, चरबीत रुतलेल्या. एकेकीचं वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. उजवी साधारण त्रिकोणी, डावी चंद्रकोरीच्या आकाराची. किडनीवर बसलेली असली तरी ती किडनीचा भाग नव्हे. एखाद्या बाळाची एक किडनी जन्मतःच तयार झालेली नसते, तेव्हाही त्या बाजूची ॲड्रिनल बहुतेक वेळा जागेवर असते, फक्त जरा चपटी. एवढ्याशा ग्रंथीला रक्त मात्र तीन वेगवेगळ्या वाटांनी मिळतं: श्वासपटलाच्या धमनीकडून, थेट महाधमनीकडून आणि किडनीच्या धमनीकडून. रक्त बाहेर पडतं ते मात्र एकाच मुख्य शिरेतून. उजवीकडची ही शीर अगदी आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते. त्यामुळे उजवी ॲड्रिनल काढताना सर्जनचं सगळं लक्ष तिथे एकवटलेलं असतं.

ग्रंथी मधोमध कापली तर दोन रंग स्पष्ट दिसतात. बाहेरचा जाड भाग पिवळा, तो कॉर्टेक्स. आतला पातळ भाग तांबूस-करडा, तो मेड्युला. पिवळा रंग कोलेस्टेरॉलमुळे येतो, कारण कॉर्टेक्सचा कच्चा माल तोच. या दोन भागांचं मूळही निराळं आहे. गर्भात कॉर्टेक्स मधल्या स्तरापासून घडतो, तर मेड्युला मज्जासंस्थेच्या पेशींपासून. म्हणजे एकाच आवरणात दोन स्वतंत्र ग्रंथी नांदतात.

मेड्युला ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन बनवतो, साधारण 80 टक्के पहिलं आणि 20 टक्के दुसरं. घाबरल्यावर छातीत धडधड होते, तळहात घामेजतात, ते याचंच काम. इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. ग्रंथीत रक्त बाहेरून आत वाहतं, त्यामुळे कॉर्टेक्समधून निघालेलं, कॉर्टिसोलने भरलेलं रक्त आधी मेड्युलाला भिजवतं आणि मग बाहेर पडतं. नॉरॲड्रिनॅलिनचं ॲड्रिनॅलिनमध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला नेमकं एवढं कॉर्टिसोल लागतं. दोन वेगळ्या कुळांतल्या ग्रंथी शेजारी का नांदतात, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

कॉर्टेक्सचे तीन थर आहेत. सगळ्यात बाहेरचा झोना ग्लोमेरुलोझा. तो आल्डोस्टेरॉन बनवतो, दिवसाला फक्त 100 ते 150 मायक्रोग्रॅम. हा हार्मोन किडनीला सोडियम राखायला आणि पोटॅशियम टाकायला लावतो. त्याच्यावर मुख्य ताबा किडनीतून निघणाऱ्या रेनिनचा आणि रक्तातल्या पोटॅशियमचा असतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधला थर झोना फॅसिक्युलाटा. कॉर्टेक्सचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग याने व्यापलेला असतो. हा कॉर्टिसोल बनवतो, शांत दिवशी साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम, आणि मोठं आजारपण किंवा ऑपरेशन असेल तर त्याच्या कित्येक पट. कॉर्टिसोलला सरसकट 'स्ट्रेस हार्मोन' म्हणून बदनाम केलं जातं, ते मला पटत नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवणं, ॲड्रिनॅलिनला रक्तवाहिन्यांवर काम करू देणं, प्रतिकारशक्तीचा भडका मर्यादेत ठेवणं ही सगळी त्याची कामं. त्याच्याशिवाय माणूस साध्या जुलाब-उलट्यांतही दगावू शकतो. पहाटे तो वाढू लागतो, सकाळी जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असतो आणि मध्यरात्री तळाला जातो. म्हणूनच कॉर्टिसोलची तपासणी सकाळी 8 च्या आसपास करायला सांगतात. दुपारी चार वाजता रक्त देऊन 'कमी आलं' म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. आणि सांगायचंच झालं तर 'ॲड्रिनल थकलेत' असं निदान करून विकली जाणारी टॉनिकं घेऊ नका, असा आजार हार्मोनच्या वैद्यकशास्त्रात मान्य नाही.

सगळ्यात आतला थर झोना रेटिक्युलारिस. तो डीएचईए आणि त्याचा सल्फेट हे सौम्य पुरुषी हार्मोन बनवतो. वयाच्या सहाव्या-आठव्या वर्षापासून हा थर जागा होतो. बायकांमध्ये काखेतल्या आणि जांघेतल्या केसांसाठी तो महत्त्वाचा. पुरुषांत वृषणांतून निघणाऱ्या टेस्टोस्टेरॉनपुढे त्याचा वाटा किरकोळ आहे. 'ॲड्रिनल बूस्ट केली की मसल वाढतात' हा जिममधला समज त्यामुळेच फोल ठरतो.

आता रसायनाकडे वळतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूत 27 कार्बन असतात. त्याची बाजूची साखळी तोडली की 21 कार्बन उरतात. कॉर्टिसोल आणि आल्डोस्टेरॉन या घरातले. आणखी दोन गेले की 19 कार्बनचं टेस्टोस्टेरॉनचं कूळ. आणखी एक गेला की 18 कार्बनचे इस्ट्रोजेन. चार कड्यांचा सांगाडा सगळ्यांचा सारखाच, म्हणून सगळीच स्टेरॉइड. पण पेशीत शिरल्यावर प्रत्येकाचा रिसेप्टर, म्हणजे तो जिथे जाऊन बसतो ती जागा, वेगळी. प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलच्या रिसेप्टरला जाऊन बसतं, सूज उतरवतं आणि जास्त दिवस घेतलं तर मांड्यांचे स्नायू झिजवतं. टेस्टोस्टेरॉन अँड्रोजेनच्या रिसेप्टरला बसतं आणि स्नायू वाढवतं. म्हणजे तुमची आई घेते ते औषध आणि ट्रेनर देतो ते औषध स्नायूंच्या बाबतीत एकमेकांच्या उलट काम करतात.

एक बाब मात्र दोघांना सारखीच लागू पडते. मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतं, पिट्युटरी ग्रंथीला सांगते, ग्रंथी हार्मोन सोडते, आणि रक्तात हार्मोन पुरेसा झाला की मेंदू वरून येणारा आदेश कमी करतो. हा हिशेब रक्तातल्या हार्मोनवर चालतो. तो स्वतःच्या ग्रंथीतून आला की गोळीतून, हे मेंदूला कळत नाही.

आईच्या बाबतीत हेच घडलेलं असणार. 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन साधारण 20 मिलिग्रॅम कॉर्टिसोलच्या तोडीचं असतं, म्हणजे शरीराची दिवसभराची गरज एका गोळीत भागते. ती महिनोन्‌महिने मिळत राहिली की पिट्युटरी एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला सांगणारा हार्मोन) सोडणं जवळजवळ थांबवते आणि फॅसिक्युलाटाचा थर आक्रसतो. गोळी अचानक थांबली तर तो थर दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागत नाही. त्याला कित्येक आठवडे, कधी कधी वर्षभरही लागतं. मधल्या काळात ताप आला, दात काढला, जुलाब झाले, तर रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, शुद्ध हरपू शकते. यालाच ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात. ग्लोमेरुलोझावर पिट्युटरीचा ताबा नसल्याने आल्डोस्टेरॉन टिकून राहतं आणि अशा रुग्णाचं पोटॅशियम बहुधा वाढत नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट बघून अननुभवी डोळा फसू शकतो.

ग्रंथीच नष्ट होते तो आजार वेगळा. लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली त्याचं वर्णन केलं. त्यात पिट्युटरी जिवाच्या आकांताने एसीटीएच सोडत राहते आणि त्यामुळे त्वचा काळवंडते. आम्ही रुग्णाचा तळहात उघडून रेषांमध्ये बघतो, ओठ उचलून हिरड्या बघतो. उन्हाने रापलेल्या माणसाच्या हिरड्या काळ्या पडत नाहीत. गोळीमुळे ग्रंथी मंदावलेल्या रुग्णात हा काळेपणा नसतो, कारण तिथे एसीटीएचच कमी असतं.

गोळीचे दुष्परिणाम आहेतच, ते मी लपवणार नाही. हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो, चेहरा गोल होतो, कातडी पातळ होऊन सहज निळी पडते. पण 1948 साली डॉक्टर फिलिप हेंच यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. 1950 चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना त्यासाठी मिळालं. हे औषध कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी काळ द्यायचं, हे त्यानंतर अनुभवाने शिकलो. म्हणून आईच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मात्रा किती कमी करता येईल, किती आठवड्यांत, आणि संधिवाताची दुसरी औषधं वाढवून ही थांबवता येईल का. उतरत्या पायऱ्यांनी बहुतेकांची गोळी सुटते. तोपर्यंत ताप आल्यास मात्रा वाढवायची असते आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच रुग्णालयात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं असतं. 'दीर्घकाळ स्टेरॉइड घेते' असं लिहिलेलं कार्ड त्यांच्या पर्समध्ये कायम असू द्या.

आता तुमचा कोर्स.

ॲनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइड्सचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. तसं सांगणाऱ्या डॉक्टरवर जिममधली मुलं विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दहा आठवडे दिलं. व्यायामासह ते घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सरासरी 6 किलोने वाढलं, आणि काहीही व्यायाम न करता घेणाऱ्यांचंही 3 किलोच्या आसपास. पण निरोगी पुरुषाचं शरीर आठवड्याला जेमतेम 40 ते 50 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, हेही त्याच्याशेजारी ठेवून बघा. शिवाय तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध औषधाने आणि फक्त दहा आठवडे झाला होता. जिममध्ये एकावर एक दोन-तीन औषधं रचली जातात आणि कोर्समागून कोर्स होतात.

फक्त स्नायू वाढवणारं आणि बाकी शरीराला न शिवणारं स्टेरॉइड आजवर कुणालाही बनवता आलेलं नाही. रिसेप्टर एकच आहे. तो स्नायूंत आहे तसा केसांच्या मुळांत, तेलग्रंथीत, प्रोस्टेटमध्ये, हृदयात आणि मेंदूतही आहे.

पहिला फटका वृषणांना. मेंदूला टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसतं, तो एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन, बंद करतो. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण एरवी रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं आणि शुक्राणू तयार व्हायला नेमकं तेच लागतं. इंजेक्शनने रक्तातलं वाढतं, आतलं कोसळतं. मग पिळदार दंडांचा, दाट दाढीचा तरुण मूल होत नाही म्हणून बायकोसोबत समोर येऊन बसतो. आमच्याकडे 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंतच्या अंडाकृती मण्यांची माळ असते, तिच्याशी ताडून वृषणांचं आकारमान बघतात. प्रौढ पुरुषात 15 ते 25 अपेक्षित, अशांचं 8-10 भरतं आणि हाताला मऊ लागतं. रिपोर्टमध्ये एलएच आणि एफएसएच यंत्राला मोजता येणार नाही इतके खाली, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) 54-55 टक्के, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) विशीच्या आत, आणि वीर्यात शुक्राणू शून्य. हे सगळे आकडे शेजारीशेजारी दिसले की मी एवढंच विचारतो, "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंत?" बायको अनेकदा तेव्हाच पहिल्यांदा ऐकत असते.

बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. पण एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे हा हिशेब महिन्यांचा असतो, काहींच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांचा. काही जणांचं टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होतच नाही. औषध थांबलंय आणि स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं नाही, या पोकळीत उत्साह जातो, इच्छा मरते, झोप उडते आणि मन इतकं खचतं की जीव नकोसा होतो. याच काळात मुलं पुन्हा इंजेक्शन घेतात, कारण घेतल्यावर बरं वाटतं. ट्रेनर यावर 'कोर्सनंतरच्या गोळ्या' विकतात. त्यातली काही औषधं आम्हीही वापरतो, पण तपासण्या करून, आणि ती हमखास लागू पडतात अशी खात्री मी कुणालाही देत नाही.

यकृताचं बघा. टेस्टोस्टेरॉन गोळीच्या रूपात घेतलं तर यकृत ते तिथल्या तिथे मोडून टाकतं. ते मोडू नये म्हणून गोळ्यांमधल्या रेणूच्या सतराव्या कार्बनला एक जादा गट जोडलेला असतो. स्टॅनोझोलोल त्यातलंच. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने 100 मीटर 9.79 सेकंदांत धावून जिंकलेलं सुवर्णपदक परत घेतलं गेलं, ते याच औषधामुळे. यकृताला जे मोडता येत नाही तेच त्याला बाधतं. पित्त अडून कावीळ होते, अंगाला असह्य खाज सुटते, क्वचित यकृतात रक्ताच्या पोकळ्या किंवा गाठी होतात. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, काही आठवड्यांत निम्म्याहून खाली येऊ शकतं. एक तांत्रिक बाब: जड वजनं उचलणाऱ्यांचं एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतली एन्झाइम) स्नायूंमुळेही वाढतं, म्हणून सोबत जीजीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्याच तपासण्या बघाव्या लागतात. ट्रेनर 'ते व्यायामामुळे आहे' म्हणेल, पण तपासल्याशिवाय ते ठरत नाही.

स्टॅनोझोलोलचं इस्ट्रोजेन होत नाही हे खरं. टेस्टोस्टेरॉनचं मात्र होतं, आणि मग पुरुषाला छातीत दुखरी गाठ येऊन स्तन वाढतात. सुरुवातीला औषधाने ते उतरू शकतात, एकदा तंतुमय झाले की ऑपरेशनच करावं लागतं. मुरमं, पाठीवरचे फोड आणि टक्कल यांवर जास्त लिहीत नाही, ते आरशात दिसतंच.

जे दिसत नाही ते हृदय. त्याच्या भिंती जाड आणि ताठर होतात, रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटते, धमन्यांत थर साचतो, वर रक्त दाट झाल्यामुळे गुठळीचा धोका. हे सगळं एकत्र आलं की तिशीतला, बाहेरून ठणठणीत दिसणारा माणूस जिममध्येच कोसळू शकतो. औषध थांबवल्यावर हृदयाची ताकद बऱ्याच जणांत सुधारते, धमन्यांतला थर मात्र सहजासहजी जात नाही. मला तरुणांच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण दुखणं जाणवण्याआधी इशारा मिळेलच असं नाही.

वयात येणाऱ्या मुलांनी घेतलं तर हाडांच्या टोकांवरच्या वाढीच्या चकत्या अकाली मिटतात आणि उंची तिथेच थांबते. मुली आणि बायकांचा आवाज घोगरा होतो, तो औषध थांबवूनही परत येत नाही.

आणि बाटलीत नेमकं काय आहे? चोरट्या मार्गाने आलेल्या औषधांत लेबलवरचं औषध असेलच असं नाही, मात्रेचा भरवसा नाही, निर्जंतुकपणाचा तर नाहीच. सुई वाटून घेतली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही. 'वजन वाढवणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी पावडरींत डेक्सामेथासोन मिसळलेलं सापडतं. ते आईच्या औषधाच्याच कुळातलं, कितीतरी जास्त जहाल. त्याने वाढतं ते वजन पाण्याचं आणि चरबीचं, गाल फुगतात, दंड-मांड्या उलट बारीक होतात, आणि डबा संपला की आई जी चूक करायला निघाल्या आहेत तीच नकळत घडते. आधी सांगितलेला ॲड्रिनल क्रायसिस असा जिममधल्या मुलालाही होऊ शकतो.

तेव्हा माझं उत्तर स्पष्ट आहे: हा कोर्स घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन हे उत्तम औषध आहे, पण ज्यांचं शरीर ते खरोखर बनवत नाही त्यांच्यासाठी, सकाळच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत कमी आढळल्यावर, आणि गरजेपुरत्या मात्रेत.

तुम्ही एखादं इंजेक्शन आधीच घेतलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, आम्ही पोलीस नाही. औषधाचं नाव, मात्रा, किती आठवडे, सगळं लिहून न्या, पावडरीचा डबाही न्या. रक्तदाब, हिमॅटोक्रिट, लिपिड, यकृत-किडनीच्या तपासण्या, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, गरज असल्यास वीर्यतपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. हार्मोनचं रक्त सकाळी 10 च्या आत, उपाशीपोटी द्या. पावडर घेत असाल तर ती स्वतःहून एकदम बंद न करता आधी सकाळचं कॉर्टिसोल तपासा. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, एका पायाला सूज, डोळे पिवळे होणं किंवा जगणं नकोसं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा.